घरचे दप्तर आणि बाहेरचा संशोधक

महाराष्ट्रातील पुष्कळ जुन्या घरांत अद्यापि एखादी लाकडी पेटी, एखादा पत्र्याचा डबा किंवा माळ्यावरचे गाठोडे असे असते की, त्यात जुने मोडी कागद आहेत हे घरातील लहानथोरांस ठाऊक असते. पण ते कागद काय बोलतात हे कोणासच ठाऊक नसते. पणजोबांच्या पिढीस मोडी अवगत होती, आजोबांच्या पिढीस ती अडखळत वाचता येत असे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतून उठल्यानंतर पुढच्या पिढ्यांस ती परकीच झाली. यामुळे एके काळी जो प्रश्न संस्थानिकांपुढे आणि ग्रंथकारांपुढेच काय तो उभा राहत असे, तो आता मध्यम स्थितीतील सुशिक्षित कुटुंबांपुढे येऊन ठेपला आहे. कागद वाचून, दुसऱ्या कागदांशी ताडून त्याचा अर्थ सांगणारा माणूस कोठे शोधावा, त्यास काय द्यावे, आणि दिल्यावर त्याच्यापासून कशाची अपेक्षा करावी?

हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही, हे २०२३ साली सर्वांच्या प्रत्ययास आले. कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि ज्यांस त्या दिवसापावेतो कोणी विचारीत नसे अशा मोडी जाणणाऱ्या मंडळींस जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी येऊ लागली. जुन्या दाखल्यातील एका शब्दाच्या वाचनावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहू लागली. अशा वेळी वाचणारा कोण आहे आणि तो कोणाच्या पैशाने वाचतो आहे, या गोष्टीस फार महत्त्व येते.

आपल्याकडे पैसे घेऊन इतिहास धुंडाळणे ही काहीशी हलकी गोष्ट मानण्याची चाल आहे. या समजुतीचे मूळ बहुधा राजवाड्यांच्या चरित्रात असावे. कोणाच्या नोकरीत गुंतून न राहता, पायी हिंडून, हातांनी स्वयंपाक करून गावोगावचे कागद जमविणाऱ्या त्या पुरुषाने १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड महाराष्ट्रापुढे ठेविले, आणि संशोधक म्हणजे संन्यासी अशी एक मूर्ती आमच्या मनात कायमची बसली. त्या मूर्तीपुढे आम्हीही नतमस्तक आहो. परंतु तीच एक मूर्ती डोळ्यांपुढे ठेवून बाकीच्यांस मापणे न्यायाचे नाही. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत असत, आणि त्या पगारावर संसार चालवून त्यांनी पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोद्याच्या महाराजांच्या चाकरीत होते, आणि ‘रियासती’चा पाया त्याच काळात घातला गेला. इतिहासाचे काम कोणाच्या तरी पैशावर चालत आले आहे. पैसा पगाराच्या रूपाने आला म्हणजे आपण त्याकडे पाहत नाही, आणि कामाच्या मोबदल्याच्या रूपाने आला म्हणजे मात्र नाक मुरडतो, हे काही बरोबर नाही.

वस्तुतः मोबदला देऊन नेमलेल्या संशोधकाची परंपरा या देशात राजवाड्यांहून शंभर वर्षे जुनी आहे. कॉलिन मेकेंझी हा स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचा गृहस्थ १७८३ साली कंपनीच्या लष्करात इकडे आला. पुढे टिपूचे राज्य बुडाल्यावर म्हैसूरच्या मुलखाची मोजणी त्याजकडे आली, आणि १८१५ साली तो साऱ्या हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल झाला. साखळीने जमीन मोजता मोजता गावाचा, देवळाचा, पाळेगाराचा पूर्ववृत्तांतही मिळवावा अशी त्यास ओढ लागली. अडचण अशी की त्यास येथील एकही भाषा येत नव्हती. ही अडचण त्याने झाकून ठेविली नाही, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण होय. त्याने कावली वेंकट बोरय्या या तेलुगु ब्राह्मण तरुणास आपल्याजवळ ठेवले. बोरय्यास संस्कृत, तेलुगु, कानडी येत होती. शिवाय भटभिक्षुकांपासून पाटील-कुळकर्ण्यांपर्यंत सर्वांशी बोलून त्यांच्या घरातील कागद बाहेर काढण्याची हातोटी त्यास होती. अविश्वासू यजमानास विश्वास वाटेल असे बोलणे ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. १८०३ साली बोरय्या ऐन तारुण्यात वारला. हिंदी विद्येच्या दारातून आपला प्रवेश झाला तो या माणसामुळे, असे मेकेंझीने पुढे स्पष्ट लिहून ठेविले आहे.

बोरय्याच्या मागे त्याचा भाऊ लक्ष्मय्या याने ते काम हाती घेतले. त्याच्या देखरेखीखाली नेमलेली माणसे दक्षिणेतील प्रांताप्रांतातून हिंडत. नारायणराव, आनंदराव अशी आपल्या कानांस ओळखीची वाटणारी नावेही त्यांत आहेत. या लोकांनी कोठे गेलो, कोणास भेटलो, कोणता शिलालेख उतरून घेतला, कोणी पोथी देण्यास नकार दिला, याचे अहवाल वेळोवेळी पाठवावे असा शिरस्ता होता. आम्हांस या अहवालांचे मोल त्यांतून मिळालेल्या पोथ्यांपेक्षा कमी वाटत नाही. पोथी मिळाली एवढे कळण्याने काम भागत नाही. ती कोणापासून मिळाली आणि देणाऱ्याच्या मनात काय होते हे कळले म्हणजे तीवर विसंबावे किती याचा अंदाज बांधता येतो. एखाद्या मठाधिपतीने आपल्या इनामाची कथा सांगितली, तर ती इनाम टिकविण्यासाठी सांगितली आहे हे ऐकणाऱ्यास समजले पाहिजे. आणि मेकेंझीच्या माणसांस ते पुष्कळदा समजत असे.

कारण हे ‘मनात काय होते’ प्रकरण आपल्या दप्तरांतही पदोपदी आडवे येते. घरात कागद जपून ठेविले जातात ते बहुधा इतिहासासाठी नव्हे, हक्कासाठी. वतनाचा तंटा लागला, गोतसभा बसली, महजर झाला, त्याची नक्कल पेटीत पडली. इंग्रजी अंमल आल्यावर इनामांची चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले. तेव्हा घरोघरच्या सनदा बाहेर निघाल्या. ज्यांच्यापाशी सनद होती त्यांनी दाखविली, आणि ज्यांच्यापाशी नव्हती त्यांच्यापैकी काहींनी ती तयार केली. हे सर्व कागद आज सारखेच पिवळे पडलेले असल्यामुळे नवशिक्यास सारखेच जुने आणि सारखेच खरे दिसतात. नेमावयाचा माणूस मोडी वाचणारा तर पाहिजेच. पण वाचून झाल्यावर ‘हा कागद कोणी, कशासाठी केला?’ असे विचारणारा अधिक पाहिजे.

वंशावळी सांगून उपजीविका करणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक घरोघर येऊन यजमानाच्या पिढ्या म्हणून दाखवितात व धान्य घेऊन जातात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यांच्या नोंदी सापडतात. या दोहोंत एक भेद आहे. तीर्थोपाध्यायाच्या वहीतील उत्तम नोंद म्हणजे यात्रेस आलेल्या पुरुषाने आपल्या हाताने लिहिलेली : अमुक गावचा अमुक, बापाचे नाव, आज्याचे नाव, बरोबर कोण आले होते. त्यात लिहिणाऱ्यास फुगवून सांगण्याचे कारण थोडे. उलट तोंडी वंशावळ सांगणाराचे पोट ऐकणाराच्या संतोषावर चालते. हेळव्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या स्मरणात पुष्कळ खरे टिकले आहे. परंतु ज्याची बिदागी यजमानाच्या समाधानावर ठरते त्याच्या वंशावळीतील मूळपुरुष हळूहळू मोठा होत जातो, एवढे लक्षात ठेविले पाहिजे.

या रोगाची पराकाष्ठा पाहावयाची असेल तर अमेरिकेकडे वळले पाहिजे. गुस्ताव्ह आंजू म्हणून एक मूळचा स्वीडनमधील इसम. स्वदेशी बनावट कागदांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून, नाव बदलून तो १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कास आला आणि तेथे वंशशोधक म्हणून त्याने दुकान मांडले. ज्यांच्यापाशी नवीन पैसा होता परंतु जुना वंश नव्हता, अशा धनिकांचा त्या देशात तेव्हा सुकाळ होता. आंजूने त्यांस जुना वंश पुरविला, आणि त्याबद्दल भरपूर मोल घेतले. त्याची युक्ती मोठी शहाणपणाची होती. तो सगळेच खोटे लिहीत नसे. खरे दाखले, खरे पण दुसऱ्याच माणसाचे दाखले, आणि स्वतः रचलेली मृत्युपत्रे यांची तो अशी काही मिसळ करी की, ज्याने पहिली पाच प्रमाणे तपासली त्यास ती खरी आढळून पुढची तपासण्याची इच्छाच होऊ नये. १९४२ साली तो वारला. त्याच्या वंशावळी ग्रंथालयांत जाऊन बसल्या, त्यांतून दुसऱ्यांनी उतरून घेतल्या, आणि ती घाण उपसण्यात तिकडचे वंशशोधक अजून गुंतलेले आहेत. आंजूच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी फसविले गेल्याची तक्रार घेऊन त्याच्या दारी गेले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांस जे पाहिजे होते तेच मिळाले होते.

आमच्या मते सारी गोम येथे आहे. संशोधकास द्रव्य द्यावे ते शोधण्याबद्दल, सापडल्याबद्दल नव्हे. ‘सनद मिळवून दिलीत तर अमुक, नाही मिळाली तर काही नाही’ असा करार करणारा यजमान नकळत आंजूस आमंत्रण देत असतो. चार दिवस दप्तरखान्यात बसून, वीस रुमाल सोडून, शेवटी ‘या गावच्या या सालच्या कागदांत आपल्या घराण्याचे नाव नाही’ असे लिहून देणाऱ्या माणसाने पूर्ण काम केलेले आहे, आणि त्यास पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे. मात्र कोणते रुमाल पाहिले त्याची यादी त्याने दिली पाहिजे. ती यादी असली म्हणजे पुढचा शोध करणारा तीच वाट पुन्हा तुडवीत बसत नाही. नकाराची किंमत देण्यास जो यजमान तयार नाही त्याने संशोधक नेमूच नये. एखादा भाट बोलवावा, त्यात खर्चही कमी येईल.

अर्थात प्रामाणिकपणा एवढ्यानेच निभावत नाही, हेही सांगितले पाहिजे. गुस्ताव्ह बेर्गेनरोथ या जर्मन विद्वानाची हकीकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. (दोन्ही गृहस्थांचे नाव गुस्ताव्ह असावे हा योगायोग.) याचा जन्म १८१३ चा, पूर्व प्रशियातला. १८४८ च्या गडबडीत सापडल्यामुळे त्यास स्वदेश सोडावा लागला. कॅलिफोर्निया वगैरे हिंडून तो इंग्लंडात आला, आणि ट्यूडर राजांचा इतिहास लिहावा असे त्याच्या मनाने घेतले. त्यासाठी स्पेनच्या दप्तरांतील कागद पाहणे अवश्य, म्हणून १८६० साली तो स्वतःच्या जबाबदारीवर सिमांकास येथे जाऊन राहिला. सिमांकास म्हणजे वायादोलिद शहराजवळील एक दरिद्री खेडे. तेथील जुन्या किल्ल्यात स्पेनच्या राजांचे दप्तर भरून ठेविलेले. राहण्याखाण्याचे हाल, दप्तरखान्याच्या अधिकाऱ्याचा संशयी स्वभाव, आणि महत्त्वाची पत्रे पाहावी तो सांकेतिक लिपीत लिहिलेली. बेर्गेनरोथने एकेक संकेत बुद्धिबळाने उलगडला. त्याचे काम पाहून इंग्रज सरकारच्या दप्तराचे मुख्य सर जॉन रोमिली यांनी स्पॅनिश कागदांचा सारसंग्रह करण्याचे काम मोबदला ठरवून त्याच्यावर सोपविले. पहिला खंड १८६२ साली निघाला आणि तज्ज्ञ चकित झाले. फ्रॉम दप्तर टु दप्तर हिंडणारा, कोणत्याही विद्यापीठाचा नव्हे असा हा मनुष्य. पण त्याच्या खंडांवाचून त्या काळाचा इतिहास लिहिणे अशक्य झाले.

आता दुसरी बाजू. १८६८ साली त्याने पुरवणीचा खंड काढला आणि त्यात कास्तीलची राणी हुआना ही वेडी नव्हतीच, धर्माच्या बाबतीत ती पाखंडी ठरली म्हणून तिला वेडी ठरवून कोंडून ठेविले व तिला यातना दिल्या, असे प्रतिपादन केले. कागद खरे होते. परंतु तिच्या रखवालदाराच्या पत्रांतील काही शब्दांचा अर्थ त्याने ‘शारीरिक यातना’ असा लावला, तो तितका घट्ट बसत नव्हता. बेल्जियमचा गाशार याने ते लगोलग दाखवून दिले, आणि पुढील पंडितांनी बहुशः त्याचीच बाजू घेतली. बेर्गेनरोथ काही लबाड नव्हता. इतके कष्ट केल्यावर काहीतरी विलक्षण हाती लागले पाहिजे, ही ओढ माणसास असतेच. आणि ज्या दप्तरात दुसरे कोणी फिरकत नाही तेथे त्या ओढीस लगाम घालणाराही कोणी नसतो. पुढल्याच वर्षी, १८६९ च्या फेब्रुवारीत, तापाने माद्रिद येथे त्याचा अंत झाला. यावरून यजमानाने घ्यावयाचा धडा साधा आहे : मूळ वाचन वेगळे मागावे आणि त्यावरील अनुमान वेगळे मागावे. अनुमान चुकले तरी वाचन हाती राहते.

आपल्या मोडी कागदांच्या बाबतीत हे पथ्य दुप्पट पाळावे लागते. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात. शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शब्द कोठे तोडावयाचा हे वाचणाराने ठरवावयाचे. त्यातून संक्षेपांची रेलचेल. ‘मौ॥’ म्हणजे मौजे हे कोणीही सांगेल, पण कित्येक संक्षेप जागेप्रमाणे अर्थ पालटतात. म्हणून संशोधक पसंत करण्यापूर्वी त्यास आपल्या पेटीतील एकच कागद, शक्य तर मधे फाटलेला, वाचावयास द्यावा आणि त्याने लिहून दिलेली बाळबोध प्रत न्याहाळावी. जेथे अक्षर लागले नाही तेथे त्याने टिंबे दिली आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे. अखंड, सुरेख, कोठेही न अडखळणारी प्रत हाती आली तर आनंद मानण्याऐवजी साशंक व्हावे. टिंबे देणारा माणूस भरवशाचा.

दुसरी परीक्षा कालगणनेची. पेशवाईतील कागदांवर पुष्कळदा इसवी सन नसतो, शकही नसतो. ‘सु॥ सबा खमसैन मया व अलफ’ असा शुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो. सबा म्हणजे सात, खमसैन म्हणजे पन्नास, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११५७. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पण कोणता आकडा मिळवावयाचा? शुहूर वर्ष मृगाच्या आरंभी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पालटते. सबब त्या कागदाचा महिना मृग ते डिसेंबर यांतील असेल तर १७५६, आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतचा असेल तर १७५७. ‘छ’ या अक्षरापुढे चांद्र तिथी आणि मुसलमानी महिना दिलेला असतो, त्यावरून हा निर्णय होतो. जो उमेदवार हे सारे न पाहता ‘सुमारे पेशवेकालीन’ एवढेच लिहून देतो, त्याचा मोबदलाही सुमारेच असावा!

असा माणूस शोधावा कोठे? ब्रिटनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराने मोबदला घेऊन काम करणाऱ्या स्वतंत्र संशोधकांची यादी लोकांस उपलब्ध करून देण्याची प्रथा पाडली. शिफारस मात्र कोणाचीही करीत नाही. आपल्याकडे ही वाट बहुधा तोंडी चौकशीची असते. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात, जे राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिले, आणि धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात विचारले असता जाणत्यांची नावे कळतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या पेशवे दप्तरात, नित्य बसणाऱ्या मंडळींतही असे लोक असतात. तेथे नुसती मोडी येऊन चालत नाही. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, जमाव, पागा या भागांपैकी आपला प्रश्न कोठे सुटेल हे अटकळीने सांगता आले पाहिजे. हजारो रुमालांच्या त्या अरण्यातून सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवधीत पंचेचाळीस खंड निवडून काढले, तरी न छापलेले कागद छापलेल्यांच्या कितीतरी पट आहेत. घराणे कोकणातले असून आंग्रे किंवा सावंत यांच्या पदरी असेल तर गोव्याच्या पुराभिलेखागाराचे दार ठोठवावे लागते, आणि तेथे पोर्तुगीज जाणणारा हवा. तंजावरकडे गेलेल्या घराण्याचे मोडी कागद सरस्वती महालात शोधावे लागतील. एकच माणूस या सर्व ठिकाणी उपयोगी पडेल अशी आशा धरू नये, आणि तशी हमी देणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा.

प्रश्न लहान करून द्यावा, हेही महत्त्वाचे. ‘आमच्या घराण्याचा इतिहास काढा’ हा प्रश्न नव्हे, ते शेत नांगरण्यास सांगणे आहे. ‘सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत आमच्या गावच्या कुळकर्णाचा तंटा कोणाकोणात लागला होता?’ हा प्रश्न होय. शोधाचे पैसे दिवसावर ठरवावे, नकलेचे पानावर, प्रवासाचा आणि दप्तरातील प्रतींचा खर्च वेगळा, आणि सगळे लेखी. घरचे मूळ कागद बाहेर जाऊ देऊ नयेत. आधी त्यांस क्रमांक घालावे, त्यांची छायाचित्रे घ्यावी, आणि ती द्यावी. मुळे परगावी नेली आणि परत आली नाहीत, अशा हकीकती आपल्या इतिहाससंशोधनाच्या परंपरेत थोड्या नाहीत. नेणाराची श्रद्धा कितीही उत्कट असो, पेटी रिकामी झाली ती झालीच.

सर्वांत नाजूक कलम शेवटचे आहे, आणि तेच ठरविण्याचे बहुतेक यजमान टाळतात. अप्रिय काही निघाले तर काय करावयाचे? जुन्या दप्तरांत पराक्रम असतात तसे जबर व्याजाचे कर्जरोखे असतात, भाऊबंदाचा वाटा बुडविल्याच्या कैफियती असतात, बटीक विकत घेतल्याच्या नोंदी असतात, गोताने वाळीत टाकल्याचे निवाडेही असतात. ज्या पूर्वजाचे नाव घराने मुलास ठेविले आहे त्याचेच नाव तेथे येते. कागद निघाल्यानंतर हा विचार करू गेल्यास घरात दोन तट पडतात आणि संशोधक बिचारा मधे सापडतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच असे ठरवावे की, वाचन पूर्ण द्यावयाचे, काहीही वगळावयाचे नाही. छापावयाचे की नाही तो अधिकार घराचा. परंतु छापल्यास निवडून गोड तेवढेच संशोधकाच्या नावावर छापता येणार नाही. ही अट मान्य न करणाऱ्या घरी चांगल्या माणसाने जाऊ नये. आपल्याकडे निघालेल्या कुलवृत्तांतांपैकी जे आज अभ्यासकांच्या उपयोगी पडतात, ते कर्ज आणि कज्जे न लपविणारेच होत. बाकीचे लग्नकार्यात आहेर म्हणून देण्यास ठीक आहेत.

संशोधकाचे नाव पुस्तकावर कोठे घालावयाचे, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. मेकेंझी १८२१ साली वारला. त्याच्या विधवेपासून कंपनी सरकारने तो सारा संग्रह एक लक्ष रुपयांस खरेदी केला, आणि १८२८ साली विल्सनने त्याची सूची कलकत्त्यास छापली. लक्ष्मय्या तेव्हा हयात होता. कोणती पोथी कोठून आली हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नव्हते. अपुरे राहिलेले शोधाचे काम आपल्या हातून पुरे करून घ्यावे असा अर्ज त्याने केला. तो १८३६ च्या सुमारास कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे आला. हाताखाली काम करण्यास तो योग्य खरा, परंतु स्वतंत्रपणे शोध चालविण्याची पात्रता त्याच्या अंगी नाही, अशा अर्थाचा अभिप्राय पडून अर्ज नामंजूर झाला, आणि मद्रासेकडील हस्तलिखिते तपासण्याचे काम रेव्हरंड विल्यम टेलर यांजकडे गेले. बोरय्या, लक्ष्मय्या, नारायणराव यांनी गावोगाव हिंडून आणलेले ते कागद चेन्नई आणि लंडन येथे आजही पाहावयास मिळतात. मागताना मेकेंझी संग्रह असे नाव सांगावे लागते.